पुस्तकात असं नाहीच!

विंचूरच्या उपबाजारात कांद्याच्या लिलावाला थांबलेली दोन पोरं परवा ट्रॅक्टरवर बसून भावाऐवजी ‘समांतर’वरून भांडत होती. एकाने सुहास शिरवळकरांची कादंबरी वाचलेली, दुसऱ्याने स्वप्नील जोशीची वेबमालिका पाहिलेली. “पुस्तकात असं नाहीच!” हे पालुपद. अहो, शिरवळकर २००३मध्ये गेले. २०२०मधल्या मालिकेचा नायक कुमार महाजन, त्याच्या हाती मोबाइल येणारच. शिवाय सुदर्शन चक्रपाणी नावाच्या दुसऱ्याच माणसाचं जगून झालेलं आयुष्य कुमारच्या वाट्याला येणं, हाच तर गोष्टीतला जाच. मालिका पुस्तकाबरहुकूम काढली, तर प्रत्येक वाचक शेजारच्या प्रेक्षकाचा सुदर्शन चक्रपाणी होऊन बसेल! दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी इकडचं तिकडे केलं, बरंच केलं. माझा राग वेगळाच. पहिला सीझन ऐन रंगात तोडून पुढच्यासाठी २०२१ उजाडेपर्यंत ताटकळत ठेवलं. पुस्तकाचं निदान शेवटचं पान आधी उघडता येतं.