सुरीची मूठ कोणी बसवायची?

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

वार्षिक अंकासाठी लेख लिहायचा म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी आपली एक समजूत असते. साहित्य आणि समाज, तरुणांपुढील आव्हाने, असे काहीतरी. माझा विषय स्वयंपाकघरातल्या सुरीची लाकडी मूठ हा आहे. तो पाहून काही मित्र हसतील, काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना एवढीच विनंती, की हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत आई कोबी चिरत असताना सुरीची मूठ तडकली, पाते मुठीतल्या मुठीत फिरले आणि आईच्या अंगठ्याला तीन टाके पडले. पाते उत्तम होते. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून ते लोहाराकडून घडवून घेतले होते. मूळची लाकडी मूठ कधीतरी कुजली, तेव्हा कोणीतरी कानशीला लावतात तसली प्लॅस्टिकची मूठ त्यावर ठोकून दिली होती. तडकली ती ही उसनी मूठ.

मी सुरी घेऊन बाजारात गेले. तीन दुकाने फिरले. पहिल्या दोघांनी मान हलवली. तिसरा म्हणाला, “ताई, साठ रुपयांत नवी मिळते. मूठ कशाला बसवत बसता?” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. पण चांगले पोलाद केवळ धरायला जागा नाही म्हणून भंगारात टाकायचे, हे मनाला पटेना. आणि घरी परतताना वाटेतच माझ्या लक्षात आले, की मूठ बसवणारा माणूस मी साऱ्या बाजारात शोधते आहे आणि तो माझ्या घरात आहे. माझे वडील सुतार आहेत.

मित्रहो, ही गोष्ट मी विसरले कशी? खरे सांगायचे तर विसरले नव्हते, झाकून ठेवली होती. प्रथम वर्षाच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘खाजगी नोकरी’ असे लिहिले. ते अगदी खोटेही नव्हते. अण्णा आता एका कारखान्यात प्लायवुडवर लॅमिनेट चिकटवण्याचे काम करतात, महिन्याला पगार घेतात. पण ‘सुतार’ हे तीन अक्षरी उत्तर लिहिताना माझा हात का अडखळला, या प्रश्नाने मला तेव्हापासून सोडलेले नाही. हा लेख त्या प्रश्नाचाच आहे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णांनी पूजेसाठी आबांची हत्यारपेटी माळ्यावरून खाली काढली. मी सुरी पुढे ठेवली आणि म्हटले, “अण्णा, मूठ बसवायला मला शिकवा.” अण्णा थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, आबांनी तुझ्या आत्यांना कधी रंध्याला हात लावू दिला नाही. पण बस.”

आता मूठ बसवणे म्हणजे लाकडात भोक पाडून पाते ठोकणे, असे माझ्यासारखेच तुम्हालाही वाटत असेल. तसे नाही. पहिला प्रश्न लाकडाचा. ओले लाकूड वाळताना आकसते आणि चिरते. शिवाय ते सर्व अंगांनी सारखे आकसत नाही. उभ्या अंगाने, म्हणजे रेषांच्या दिशेने, जवळजवळ नाहीच. आडव्या अंगाने मात्र बरेच. म्हणून रेषा मुठीच्या लांबीने धावल्या पाहिजेत आणि लाकूड पुरते मुरलेले पाहिजे. आबा म्हणत, लाकडाला दोन उन्हाळे, दोन पावसाळे दाखवावेत. अण्णांनी आमच्या जुन्या पलंगाचा मोडका शिसवी पाय काढला. “याने किती उन्हाळे पाहिले, ते मोजायलाच नको,” ते म्हणाले.

त्याचा वीतभर तुकडा करवतीने कापला. पुढच्या टोकाला पितळी नळीचा एक तुकडा शेंबी म्हणून घट्ट बसवला. शेंबी आधी, पाते मग. नाहीतर पात्याच्या मागची टोकदार शेपटी आत शिरताना पाचरीसारखे काम करते आणि लाकूड उकलते. मग गिरमिटाने शेपटीपेक्षा थोडे बारीक भोक पाडले. शेपटीवरचा गंज कानशीने काढला, पाते ओल्या फडक्यात गुंडाळले आणि फक्त शेपटी तांबूस होईपर्यंत तापवली. ओले फडके कशासाठी? पाते तापले तर त्याचे पाणी उतरते. लोहाराने दिलेला कठीणपणा जातो आणि धार टिकत नाही. तापलेली शेपटी भोकात दाबली, धूर निघाला, लगेच ओढून काढली. असे तीनदा. शेपटीने आपली जागा आपणच जाळून घेतली. सगळे निवल्यावर वितळलेल्या लाखेत विटेची बारीक पूड कालवून भोकात भरली आणि पाते कायमचे बसवले.

नंतरचे काम आकाराचे. मूठ गोल नको, लांबट गोल हवी. गोल मूठ ओल्या हातात फिरते. लांबट असली, की धार कोणत्या बाजूला आहे ते न पाहताही तळहाताला कळते. मागचे टोक किंचित जाड ठेवायचे, म्हणजे हात घसरत नाही. कानस, मग पॉलिश पेपर, शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात. तेल जवसाचेच, कारण ते हवेवर सुकून कडक होते. शेंगदाण्याचे तसे सुकत नाही, चिकट राहते.

“ही सुरी पाण्यात भिजत टाकायची नाही. गरम पाण्यात तर मुळीच नाही,” अण्णांनी आईला बजावले. लाख उकळत्या पाण्याच्या बरीच आधी मऊ पडते. आणि लाकूड भिजून फुगले, वाळून आकसले, की फट पडते, फटीत पाणी शिरते, शेपटी गंजते, गंज फुगतो आणि मूठ फोडतो. पहिली मूठ अशीच गेली असणार.

ही सारी प्रक्रिया मी मुद्दाम सविस्तर लिहिली. यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, वनस्पतिशास्त्र आहे, तळहाताचा अभ्यास आहे. माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांना प्रत्येक ‘का’चे उत्तर ठाऊक होते. कवितेतल्या एका प्रतिमेचे विवेचन केले की आपण त्याला विद्वत्ता म्हणतो. मग याला काय म्हणायचे? आपला शब्द ‘कसब’. शब्द चांगला आहे, पण तो उच्चारताना आपला स्वर खाली येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षातून एक दिवस आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. उरलेले दिवस हत्यार धरणाऱ्या हाताला आपल्या पंक्तीत कुठे बसवतो?

येथे एक आक्षेप येईल आणि तो अत्यंत योग्य आहे. ‘हे बलुतेदारीचे गोडवे तर नव्हेत? सुताराच्या पोराने सुतारकीच करावी, असे तर म्हणायचे नाही?’ मुळीच नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्या गाड्याकडे हळहळीने पाहणारे आजही भेटतात. पण त्या व्यवस्थेत कसब जन्माला जखडलेले होते. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली आपल्या न होऊ शकलेल्या लाहोरच्या भाषणात दाखवून दिले. त्यावर आणखी बोलायला जागा उरलेली नाही. माझ्या घराचाच दाखला देते. बाहेरच्याला कसब मिळत नव्हते ते जातीमुळे, आणि घरातल्या मुलींना मिळत नव्हते ते मुली म्हणून. रोज सुरी चालवायची आत्यांनी, पण तिची मूठ बसवण्याची विद्या त्यांच्यासाठी नव्हती. अशा व्यवस्थेसाठी मी एक अश्रूही ढाळणार नाही.

पण मूठ कुजली म्हणून पाते फेकायचे नसते. आपण नेमके तेच केले. कसबाला धरलेली जन्माची मूठ कुजकी होती, ती काढलीच पाहिजे होती. तिच्या जागी शिक्षणाची नवी मूठ बसवायला हवी होती. ते न करता आपण पातेच भंगारात टाकले. आज सुताराच्या मुलीला रंधा धरता येत नाही आणि इतरांनाही येत नाही. याला समता म्हणता येईल काय? सर्वांना मिळायला हवे होते ते कोणालाच मिळेनासे झाले, एवढाच याचा अर्थ.

असा विचार कोणी केला नव्हता, असेही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याला, गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना आखली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांबलचक नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून, त्यांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे सुचवले आहे. कागदावर काहीच कमी नाही. माझ्या शाळेत मात्र कार्यानुभवाच्या तासाला आम्ही रंगीत कागदाची फुले केली आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला दिला. कार्य झाले नाही आणि अनुभवही आला नाही!

कोणी म्हणेल, साठ रुपयांच्या सुरीसाठी एवढा खटाटोप कशाला? प्लॅस्टिकची मूठ धुवायला सोपी आहे, तिची निगा राखावी लागत नाही, हे मला मान्य आहे. प्रत्येकाने आपली सुरी आपणच करावी, असा माझा हट्टही नाही. प्रश्न असा आहे, की आपल्या हातातली वस्तू मोडली तर ती उघडून पाहण्याचे धैर्य आपल्यात आहे का? ज्याला दुरुस्ती ठाऊकच नाही, त्याला फेकण्यावाचून आणि पुन्हा विकत घेण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. तो पुरता दुकानदाराच्या हवाली होतो. ही परावलंबनाची सवय सुरीपाशी थांबते, असे मला वाटत नाही.

म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण व्याख्यानमालेसाठी बाहेरून वक्ते बोलावतो, त्यांना मानधन देतो, आणि ते योग्यच आहे. त्याच मालेत एक दिवस गावातल्या सुताराला, एक दिवस लोहाराला, एक दिवस चर्मकाराला बोलवावे. शाल-श्रीफळ देऊन परत पाठवण्यासाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी. मानधन तेवढेच द्यावे आणि खुर्ची त्याच रांगेत मांडावी. समोर बसणाऱ्यांत मुली असाव्यात, मुले असावीत आणि कोणाचेही आडनाव विचारले जाऊ नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्यातली एक दुपार गावकऱ्यांच्या विळ्या-कोयत्यांच्या मुठी बसवण्यात गेली, तर गावाला काही मिळेल आणि आपल्यालाही.

आमच्या घरी ती सुरी आता रोज वापरात आहे. मूठ किंचित वाकडी आहे, कारण कानस माझ्या हातात होती. आईचा अंगठा बरा झाला. तृतीय वर्षाचा अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात मी ‘सुतार’ असे लिहिले. कार्यालयातल्या लेखनिकांनी जुना अर्ज काढून विचारले, “आधी तर नोकरी लिहिले होते?” मी म्हटले, “चूक झाली होती, सर. दुरुस्त केली.”