आधी पहिल्या बाळंतपणाचं विचारा
जैनांची संख्या वाढायला हवी, एकावर थांबू नका, हा उपदेश आता चिटगुप्प्यातही ऐकू येतो. 2011च्या जनगणनेत देशभरात आपण साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास; काळजी खोटी नाही. पण सुनेला कुणी विचारलं का, बाई, पहिल्या वेळी काय सोसलंस? अडलं की बिदर नाहीतर कलबुर्गी गाठायची, आत एकटीनं पडायचं, ओरडलं की बोलणी खायची. टाके महिनोन्‌महिने ठणकतात, आणि घरात 'आम्ही नाही का काढली?' दुसऱ्याला नको म्हणाली की हीच हट्टी! बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीचं माणूस हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018मध्येच सांगितलंय. पाणी गाळून जीव वाचवणारे आपण; पण 'हिच्या आईला आत सोडा' म्हणून दवाखान्यात भांडायला कोण जातं? आधी तेवढं भांडा. दुसऱ्याचं काय ते ती ठरवेल.