सत्ता लोकांची, किल्ली साहेबांची!

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

राज्यघटनेत ‘सत्ता लोकांची’ असे लिहिले म्हणजे सत्ता आपल्या दारी चालत येते, असे समजणाऱ्या भोळ्या बांधवांनी जर्मनीची हकीकत ध्यानात घ्यावी.

१९१८ साली तेथील बादशहा कैसर पळाला आणि ११ ऑगस्ट १९१९ रोजी प्रजासत्ताकाची नवी घटना झाली. राज्यसत्ता जनतेपासून निघते, असे पहिल्याच कलमात लिहिले. स्त्रीपुरुष सर्वांस मत दिले. कायदे करावयाचे लोकनियुक्त सभेने, आणि मुख्य मंत्र्याने राहावयाचे तिच्या विश्वासावर. इथवर सारे झकास! पण शेजारी सात वर्षांच्या मुदतीचा राष्ट्राध्यक्ष बसविला. मुख्य मंत्री नेमणार तो, सभा मोडणार तो, आणि शांतता धोक्यात आली म्हणून ४८ व्या कलमाखाली वटहुकूम काढणारही तोच! वटहुकूम रद्द करविण्याचा हक्क सभेस होता. पण रद्द करणारी सभाच मोडली तर? जुलै १९३० मध्ये हेच घडले. सभेने वटहुकूम फेटाळला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्याने सभा मोडली व तोच कारभार वटहुकुमाने पुढे चालविला. १९३२ साली सभेने कायदे केले अवघे ५. वटहुकूम ६० च्या घरात. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर मुख्य मंत्री झाला, तेव्हा सभेवाचून राज्य चालते ही सवय देशास लागलेलीच होती. महिन्याभरात त्याच ४८ व्या कलमाने नागरिकांचे हक्क गुंडाळले गेले.

कोणी पुसेल, हे रडगाणे आमच्या पारावर कशाला? ऐका तर. हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे आपली घटना स्वच्छ सांगते. तरी तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला. अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच! अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास, चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे राज्यास बजावावे लागले.

सरकारपक्ष म्हणतो, इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा तंटा होता. वाहवा! तंटा मागासांच्या जागांचा, आणि तो मिटेपर्यंत जागा कोणालाच नाही! हा कोणता न्याय?

आम्ही प्रशासकास हिटलर म्हणत नाही. एखादा प्रशासक सज्जनही असेल. पण शाळेचे छप्पर गळले, दवाखान्यात औषध नसले, तर त्यास जाब विचारणार कोण? त्यास मत मागावयास आपल्या उंबऱ्यावर यावयाचे नाही. ज्याला आपल्या दारी यावे लागत नाही, त्याच्या दारी आपल्याला तिष्ठावे लागते!

म्हणून गावकरी हो, ह्यापुढे कोणतीही मुदत संपण्याच्या सहा महिने आधी ग्रामसभेत ठराव करा आणि निवडणुकीची तारीख लेखी मागा. घर आपले म्हणावयाचे, तर किल्ली आपल्याच कनवटीस हवी!