भोजनाचा पोशाख : सक्ती की सौजन्य?

पर्यटन-जहाजावर रात्रीच्या भोजनासाठी औपचारिक पोशाख हवाच कशाला, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. पदरचे पैसे मोजून सुटीवर निघालेल्याने गळ्याला टाय का आवळावा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणून हे बंधन सैल केले.

तथापि, प्रथेमागील विवेकही पाहिला पाहिजे. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवर पहिल्या वर्गाचे प्रवासी भोजनासाठी खास पोशाख करीत. परंतु पहिल्या आणि अखेरच्या रात्री त्यातून सूट असे, कारण तेव्हा सामान बांधलेले असे. नियमाला व्यवहाराची जाण होती. ‘क्युनार्ड’च्या ‘क्वीन मेरी २’वर आजही काही रात्री समारंभी पोशाखाच्या असतात. तेथे राष्ट्रीय पोशाखही मान्य आहे; साहेबी सूट नसलेल्या भारतीयाची त्यामुळे अडचण होत नाही. ज्याला हे नको, त्याला बुफे भोजनगृह मोकळे असते.

यात श्रीमंतीचे प्रदर्शन आहे, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण याच जहाजावर भोजनगृहे खोलीच्या दरानुसार वेगळी आहेत. खरा भेद तिकिटात आहे, वस्त्रात नव्हे. पोशाखाचा नियम त्या रात्री सर्वांना सारखाच असतो.

पंक्तीला नीटनेटके होऊन बसण्यात शेजारच्याचा मान असतो. पर्याय खुला ठेवून हा मान जपणाऱ्या प्रथेला जुनाट म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही.