यंत्र मालकाने आणले, मग शिकवणी कामगाराच्या खिशातून का?



नवे यंत्र आले आणि कामगाराने अडचण सांगितली की लगेच आरोप होतो, "युनियनवाल्यांना प्रगती नको." नोकरीला लागल्यापासून आम्ही हा आरोप ऐकत आलो आहोत. रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण 1985 मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुढे खिडकीवरचे पुठ्ठ्याचे तिकीट गेले, संगणकाचे आले, मग मोबाईलवरचे आले. हे सारे चालवून कोणी दाखवले? याच कामगाराने! तेव्हा यंत्र हवे की नको हा आमचा प्रश्नच नाही. ते शिकवायचे कोणी, कोणाच्या वेळात, आणि शिकताना झालेली चूक भरायची कोणी, हा आमचा प्रश्न आहे.

संघटनेच्या कामासाठी आम्ही चेन्नईला गेलो होतो. मुक्काम वेलचेरीत, एका तमिळ बुकिंग क्लार्क साथीच्या घरी. चेन्नई बीचहून निघणारी उन्नत रेल्वे 2007 मध्ये वेलचेरीला पोचली, 2013 मध्ये तिथे मोठा मॉल उभा राहिला. त्या झगमगाटाच्या आडोशाला लहान दुकाने कशीबशी तग धरून आहेत. अशाच एका हार्डवेअरच्या दुकानात साथी आम्हाला घेऊन गेले. मालक धरून सात माणसे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा घेतलेला संगणक मालक स्वतःच चालवीत. आता बिल, बारकोड, साठा आणि मोबाईलचे पैसे यांची एकत्र नोंद ठेवणारे मशीन आले, आणि काउंटरवरच्या प्रत्येकाने ते चालवायचे असे फर्मान निघाले. मशीन विकणाऱ्याचा माणूस आला, अर्धा दिवस बटणे दाबून दाखवली आणि गेला.

दुकानात पंचावन्नच्या घरातले एक कामगार. कोणता बोल्ट कोणत्या खणात, हे ते डोळे मिटून सांगतील. पण पडद्यावर सारी नावे इंग्रजीत! बिले चुकली, रात्री गल्ला कमी भरला, मालकाने पगारातून कापले. माणूस मशीनजवळ जायलाच भिऊ लागला. मालकाचा निकाल तयार, "म्हातारा शिकत नाही."

आमच्या साथीने भांडण केले नाही, हिशोब मांडला. "हा माणूस गेला तर खणातला माल तुमचे मशीन शोधून देणार का?" त्यावर चार गोष्टी ठरल्या. मालाची नावे तमिळमध्ये भरायची. दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा रोज एक तास शिकायचे, तेही पगारी वेळेत. विशीतली एक मुलगी त्यांना मशीन शिकवील आणि ते तिला माल शिकवतील. दोन महिने जुने बिलबुक सोबत चालू राहील, आणि तोवर चुकीबद्दल एक पैसाही कापायचा नाही. पुढच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा ते गृहस्थ स्वतः बिल काढत होते. म्हातारा शिकत नव्हता असे नाही, त्याला कोणी शिकवतच नव्हते!

तमिळनाडूत दुकानातल्या कामगाराला बसायला खुर्ची मिळण्यासाठी 2021 मध्ये कायदा करावा लागला. मग शिकण्याचा तास आपोआप मिळेल, या भ्रमात कोणी राहू नये.

आता आपल्या घरात डोकावू. सात माणसांच्या दुकानदाराला जे पटले, ते लाखोंच्या खात्यांना का पटू नये? टपाल खात्याची नवी संगणक प्रणाली 2025 मध्ये दीड लाखाहून अधिक कार्यालयांत आली. खेड्यातल्या शाखा डाकघरातला ग्रामीण डाकसेवक हातात यंत्र घेऊन बसतो, तेव्हा शेजारी विचारायला दुसरा माणूस नसतो आणि समोर लोक ताटकळत असतात. रेल्वेच्या खिडकीवर कॅश कमी भरली तर क्लार्कने खिशातून भरायची. मशीन नवे, नियम मात्र जुना!

कायद्याचेही पाहा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 9-अ होते. यंत्रात सुधारणा केल्याने कामगार कपात होण्याचा संभव असेल, तर 21 दिवसांची नोटीस. रेल्वे आस्थापना संहिता ज्यांना लागू, त्यांच्यासाठी तीही सक्तीची नव्हती. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची मुदत 21 दिवसांचीच आहे. म्हणजे माणूस काढायचा तर नोटीस, पण माणूस शिकवण्याबद्दल नोटिशीच्या त्या कलमात अक्षर नाही.

दोष आमच्याही पदरात आहे. बँकांच्या संघटनांनी 1983 मध्येच यंत्रीकरणावर करार केला होता. आम्ही पदांसाठी, भत्त्यांसाठी भांडलो, ते योग्यच होते. पण शिकण्याच्या तासांसाठी टेबलावर हात आपटला नाही. आता आपटला पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत:

1. शिकण्याचा वेळ हा ड्युटीचाच वेळ धरावा.
2. शिकवणी व पडद्यावरची भाषा कामगाराला कळेल अशी असावी.
3. पहिले तीन महिने प्रणालीमुळे किंवा अजाणता झालेल्या चुकीची वसुली करू नये.
4. प्रत्यक्ष सराव झाल्याशिवाय "प्रशिक्षण मिळाले" या कागदावर सही मागू नये.

चौथी मागणी आपल्या हाती आहे. शिकवले नसेल तर सही करू नका, शाखेला कळवा. तरुण साथींनो, शेजारच्या खिडकीवरचे काका अडखळले तर हसू नका. आज ते, उद्या तुम्ही. यंत्र कोणासाठी थांबत नाही, म्हणून आपण एकमेकांसाठी थांबले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!