दस्ता बघून रायफल घेऊ नका



ऊस विकास खात्याने बंदुकीवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण अलीकडे शिवारफेरीला गेलो, की बेणे आणि खताच्या आधी रानडुकराचा विषय निघतो. रात्रीतून आडसालीचे पाच-सहा गुंठे आडवे होतात. बुडखे चावून टाकलेले असतात, सरीत पाय ठेवायला जागा उरत नाही. मग कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "साहेब, एक जुनी रायफल निघालीय. लाकडी दस्त्याची, अस्सल अकरोड. फोटो बघितलाय. इसार देऊन टाकू का?"

आमचे उत्तर एकच. हातात घेऊन, उघडून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो. बेण्याचा डोळा फुगलेला आहे की मेलेला, हे बघितल्याशिवाय गाडी भरत नाही. आणि ज्या वस्तूचा स्फोट आपल्या गालापासून वीतभर अंतरावर व्हायचा, ती मात्र लाकडाची चकाकी बघून घ्यायची! आमच्या माहितीतल्या एका सभासदाने असाच व्यवहार केला. पैसे आधी पोचले, रायफल मागाहून बघितली. वरून आरशासारखे पॉलिश. कारागिराने दस्ता सोडवला तर मुठीजवळची चीर लांबी भरून बुजवलेली, आणि नळीची खालची बाजू गंजाने खाल्लेली. विकणारा म्हणाला, "तुम्ही बघून घ्यायला पाहिजे होतं." बोलणे कडू होते, पण खोटे नव्हते.

लाकडाचा गुण असा, की ते बाहेरून शोभते आणि आतले झाकते. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने रेटू लागले, की नेम बदलतो. माशी सरळ दिसते आणि गोळी भलतीकडे जाते. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये ओल साठते आणि गंज तिथेच, डोळ्यांआड, सुरू होतो. वर्षानुवर्षे तेल मुरले की लाकूड मऊ पडते. मग दर बाराला धक्का बसून लोखंडी भाग मागे सरकू लागतो आणि मुठीच्या बारीक जागी चीर जाते. म्हणून मुठीला आणि बोल्टच्या मागे बोटाचे नख फिरवून बघा. पॉलिश नवे आणि लोखंड जुने असेल तर पॉलिश आत्ताच का केले, हे तोंडावर विचारा. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा होऊन आलेली हत्यारे तर जास्तच बारकाईने बघावीत. तिथे त्यांना तेलपाणी कोण करणार?

नळीचे तर विचारूच नका. आधी रायफल रिकामी आहे ना, हे स्वतः बघा. मग मालकाला बोल्ट काढायला सांगा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून आत बघा. पीळदार आटे स्वच्छ दिसले पाहिजेत. मध्ये काळे कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली असण्याचा संभव आहे. तसे असेल तर व्यवहार तिथेच सोडा. बोल्टवर आणि मुख्य भागावर नंबर असतील तर ते जुळतात का बघा. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसाची पाठ नीट धरली जात नाही आणि ते चेंबरमध्येच फाटू शकते. तो नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावर आहे का, हेही बघावे. नाहीतर रायफल चांगली आणि मालक तुरुंगात, असे व्हायचे.

"साहेब, दुसरं गिऱ्हाईक आलंय, आजच द्या" असे म्हणतात. खाजगी माणसाला आपले हत्यार विकायचे असेल तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे त्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. म्हणजे घाई करणारा एकतर कायदा जाणत नाही, नाहीतर तुम्ही जाणत नाही असे समजतो. हे दिवस तपासणीला वापरा. परवानाधारक कारागिराला मालकाच्या समक्ष हत्यार दाखवा. घरी घेऊन जाऊ नका. बार काढून बघायचा तर रायफल क्लबच्या रेंजवर, उसाच्या बांधावर नव्हे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. उसात रायफल कशाला पाहिजे, हेच आम्हाला पटत नाही. कायद्यातही पीक संरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक धरली आहे, आणि ती पुरेशी नसेल तर साध्या नळीची. .३१५ ची गोळी डुकराला चुकली तर मैलभर पुढेही माणूस मारू शकते. उसाच्या पलीकडे काय आहे, ते बार काढणाऱ्याला दिसत नाही. हंगामात तिथे तोडणी मजुरांच्या कोप्या असतात, पोरेबाळे असतात. शिवाय शस्त्राचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

स्वसंरक्षणाच्या परवान्यावर कोणाला रायफल घ्यायचीच असेल तर वर लिहिले तसे बघून घ्यावी. डुकराने नुकसान केले असेल तर वनखात्याकडे लगेच अर्ज करा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नका. अर्जाला सातबारा आणि ऊस नोंदीची पावती जोडा. पावती हरवली असेल तर गट ऑफिसातून नोंदीचा उतारा मिळेल. पंचनाम्याच्या दिवशी आमचा गटातला माणूस तुमच्याबरोबर येईल.