लवचिक शिक्षण म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म नव्हे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर आलेला राज्याचा २०२४ चा शालेय अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींत ‘लवचिकता’ हा शब्द वारंवार भेटतो. विषय निवडण्याची मोकळीक, मुलाच्या गतीने शिकणं, वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड. पण नववी-दहावीच्या वर्गात हे उतरवायचं आहे ते शिक्षकाने. त्याची तयारी किती, हा प्रश्न आपल्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. शाळेच्या ठरलेल्या वेळापत्रकात न बसणाऱ्या मुलांत आपल्या वस्त्यांतली मुलं मोठ्या संख्येने असतात.

ऊसतोडीचंच घ्या. मराठवाड्यातली कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. दहावीची बोर्ड परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात. फडावर गेलेल्या मुलीला शिकवायचं तर वर्षाच्या धड्यांची फेरमांडणी करावी लागेल, सोबत न्यायचं काम तुकड्यांत द्यावं लागेल, ती परतल्यावर नेमकं काय राहिलं ते तपासावं लागेल. बी.एड.ला तासिकेपुरतं पाठ टाचण काढायला शिकलेल्या शिक्षकाला हे कोणी शिकवलेलं नाही. ‘दीक्षा’ ॲपवरचे कोर्स आहेत. व्हिडिओ पुढे सरकवून प्रमाणपत्र कसं काढायचं, हे शिक्षकच हसत सांगतात.

कोरोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा होती. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपवर पीडीएफ येत राहिल्या आणि घरात एकच फोन असलेलं पोर बाहेर पडलं. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. तेव्हा काय जमलं नाही, त्यावरून प्रशिक्षण बदलायला हवं होतं. शाळा उघडल्या आणि सगळं जुन्या घडीवर गेलं.

सगळा दोष शिक्षकांवर टाकणं मात्र सोपं आणि चुकीचं आहे. निवडणुकीची कामं आहेत, ऑनलाइन माहिती भरणं आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली पदंच धोक्यात आणली. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आठवीपर्यंत शिकवणाऱ्या अनेक जुन्या शिक्षकांच्या डोक्यावर टीईटीची टांगती तलवार आली. नोकरीच्या चिंतेत असलेला माणूस नवे प्रयोग कशाला करेल?

अशा वेळी शाळा सर्वांत सोपी ‘लवचिकता’ वापरते: सतरा नंबरचा फॉर्म. कामावर जाणाऱ्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. पण नववीत मागे पडलेल्या मुलाच्या हातात दाखला देऊन ‘सतरा नंबर भर’ असं सांगितलं जातं, तेव्हा शाळेचा निकाल चकचकीत होतो आणि मूल एकटं पडतं. त्याला शिकवण्याची जबाबदारी मग कोणाचीच नसते.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरण आहे. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावं म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. वेळ बदलली, पण प्राध्यापक आणि ग्रंथालय तेच, दर्जात तडजोड नाही. लवचिकतेचा हा अर्थ धोरणाच्या आधी सात दशकं आपल्याला ठाऊक होता.

म्हणून कार्यकर्त्यांना एक काम सुचवते. आपल्या भागातल्या माध्यमिक शाळेत जाऊन विचारा: गेल्या वर्षी नववीतून किती मुलं गेली, त्यांतली किती सतरा नंबरला बसली, स्थलांतरित मुलांसाठी कोणत्या शिक्षकाकडे जबाबदारी आहे आणि त्यासाठी त्याच्या कोणत्या तासिका मोकळ्या ठेवल्या आहेत. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा. अनुदानित शाळा असेल तर तिला हे उत्तर देणं टाळता येणार नाही.